पायी पाहिलेले लोणी काळभोर

पुणे-सोलापूर महामार्गावरून रोज हजारो माणसे लोणी काळभोर ओलांडतात. कुणी सोलापूरकडे सासरी निघालेले असते, कुणी उरुळी कांचनहून बाजार करून परतत असते, कुणाला हडपसरच्या कंपनीत सकाळच्या पाळीला पोहोचायचे असते. बसच्या खिडकीतून त्यांना तेलाच्या मोठमोठ्या टाक्या, टँकरची रांग, उसाने भरलेला एखादा ट्रॅक्टर आणि प्लॉटिंगचे फलक दिसतात. कंडक्टर ‘लोणी स्टेशन’ म्हणून आवाज देतो, चार माणसे उतरतात, सहा चढतात आणि गाडी पुढे निघते. लोणी काळभोर पाहिले का, असे विचारले तर प्रत्येक जण हो म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो.

आम्ही हडपसरच्या सय्यदनगरमध्ये भाड्याच्या घरात राहतो. दोन भाऊ, दोघांच्या बायका, मुले आणि अम्मी असा आमचा परिवार. भाडे दरवर्षी वाढते, खोल्या तेवढ्याच राहतात. त्यामुळे आमच्यासारखी कितीतरी कुटुंबे आता मांजरी, लोणी, उरुळीच्या बाजूला जागा शोधू लागली आहेत. आम्हालाही एका दलालाने गाडीत बसवून लोणीत जागा दाखवली. सगळी फेरी वीस मिनिटांत आटोपली. “हायवे टच आहे, स्टेशन पाच मिनिटं, कॉलेज पाच मिनिटं,” असे तो सांगत होता. घरी आल्यावर अम्मींनी एकच प्रश्न विचारला, “पाच मिनिटं कुणाच्या पायानं?”

त्या प्रश्नातून आमचे लोणीतले पायी फिरणे सुरू झाले. सलग तीन रविवार आम्ही तिथे चाललो. पहिले दोन रविवार घरातल्या पुरुषांना कामावर जावे लागले, म्हणून आम्ही दोघी जावा, अम्मी आणि तीन मुले एवढेच होतो. तिसऱ्या रविवारी सगळे मिळून गेलो. जागा पाहणे हा हेतू होताच. पण चालता चालता जे कळले ते जागेच्या व्यवहारापेक्षा मोठे होते. म्हणून ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

एका अनामिक काबिलाने सुचवलेला शब्द

एखाद्या शहरात ठरावीक कामाशिवाय पायी हिंडायचे आणि कुठली गल्ली मनाला ओढते, कुठला कोपरा धास्तावतो, कुठे पाऊल आपोआप रेंगाळते याची नोंद घ्यायची, या अभ्यासाला सायकोजिऑग्रफी म्हणतात. मराठीत मनोभूगोल म्हणता येईल. भूगोलाचा नकाशा रस्ता किती लांब आणि किती रुंद ते सांगतो. मनोभूगोलात त्या रस्त्यावर माणसाला कसे वाटते, ते पाहिले जाते.

हा विचार पुढे आला पॅरिसमध्ये. गी देबोर या तरुण लेखकाने १९५५ साली त्यावर लेख लिहिला आणि पुढे तो विचार त्याच्याच नावाने ओळखला गेला. पण त्याच लेखात देबोरने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. १९५३ च्या उन्हाळ्याच्या सुमारास तो आणि त्याचे मित्र ज्या गोष्टींचा शोध घेत होते, त्यांना हे नाव सुचवले ते एका निरक्षर काबिल माणसाने. काबिल म्हणजे अल्जीरियाच्या डोंगराळ भागातले बर्बर मुसलमान. पॅरिसच्या कारखान्यांत राबायला तेव्हा असे हजारो अल्जीरियन आले होते. त्या माणसाचे नाव देबोरने लिहिले नाही. आज जगभरच्या विद्यापीठांत हा विषय शिकवला जातो, आणि त्याला नाव देणारा माणूस मात्र अनामिकच राहिला.

पुढची हकिगत याहून बोलकी आहे. अब्देलहाफिद खातिब हा देबोरच्या गटातला अल्जीरियन सदस्य. १९५८ मध्ये त्याने पॅरिसच्या मध्यभागातल्या ‘ले आल’ या घाऊक बाजारपेठेचा असा अभ्यास हाती घेतला. आपल्या मार्केट यार्डासारखी ती जागा; खरी गजबज रात्रीच. पण अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते आणि त्या सप्टेंबरपासून पॅरिसमध्ये उत्तर आफ्रिकी माणसांना रात्री साडेनऊनंतर रस्त्यावर यायला पोलिसांनी मनाई केली होती. खातिबला दोनदा पकडून रात्रभर डांबून ठेवले. अखेर त्याला अभ्यास अर्धवट सोडावा लागला. त्याचा लेख अपुराच छापला आणि तो का अपुरा राहिला, ते सोबत लिहिले.

त्याच गटातले त्याचे फ्रेंच मित्र रात्रभर मोकळे हिंडू शकत होते. शहर एकच होते, पण पायी फिरण्याचा अधिकार सगळ्यांना सारखा नव्हता. आम्ही लोणीत निघालो तेव्हा ही गोष्ट आमच्या मनात होती.

वाट बदलण्याची सुन्नत

पायी चालणे आणि चालताना डोळे उघडे ठेवणे आपल्याला नवे नाही. कुरआनात पृथ्वीवर हिंडून-फिरून पाहण्याची ताकीद अनेकदा आली आहे. आणि जमिनीवर नम्रतेने चालणे हे रहमानच्या बंद्यांचे लक्षण म्हणून सांगितले आहे. चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता एकवीस वर्षांचा असताना घरून निघाला आणि आपल्या दौलताबाद-नंदुरबारपर्यंत पोहोचला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण घराजवळच्या वाटांबद्दलही आपल्याकडे मोठी शिकवण आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) ईदच्या दिवशी एका वाटेने जात आणि दुसऱ्या वाटेने परतत, असे हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितले आहे. विद्वानांनी याची अनेक कारणे दिली आहेत. दोन्ही वाटांवरच्या लोकांना सलाम करता यावा, त्यांची विचारपूस व्हावी, हे त्यांपैकी एक. म्हणजे वस्तीतली एकच गल्ली आपली आणि बाकीच्या परक्या, असे राहू नये.

मदिनेच्या कडेला राहणारी बनू सलमा ही जमात मशिदीजवळ राहायला यायचा विचार करत होती. प्रेषितांनी (स.) त्यांना आहे तिथेच राहायला सांगितले, कारण त्यांचे प्रत्येक पाऊल लिहिले जात होते. आमच्या दलालाने “मशीद जरा लांब पडेल” हा जागेचा दोष म्हणून सांगितला, तेव्हा अम्मींनी हीच हदीस त्याला ऐकवली.

रस्त्याचे हक्कही आपल्याला शिकवले आहेत. नजर खाली ठेवणे, कुणाला त्रास न देणे, सलामाला उत्तर देणे, भल्याचा आग्रह धरणे आणि वाइटापासून रोखणे. वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा तर ईमानचाच एक भाग म्हटला आहे. मुलांना घेऊन बाहेर पडताना आम्ही हे हक्कच आमचे नियम केले आणि त्यांत आणखी तीन जोडले. मोबाइलवरचा नकाशा उघडायचा नाही, वाट माणसांना विचारायची. जिथे दोन वाटा फुटतील तिथे मुलांनी पाळीपाळीने निवड करायची. आणि ज्या वाटेने गेलो तिने परत यायचे नाही.

पहिला रविवार : टाक्या आणि गावठाण

हडपसर गाडीतळावरून बसने लोणी स्टेशन दहा-अकरा किलोमीटर. वाटेतली नावेच ऐकण्यासारखी आहेत: पंधरा नंबर, मांजरी फार्म, शेवाळेवाडी, कवडीपाट, कदमवाकवस्ती. पूर्वी वस्ती जशी वाढत गेली तशी ही नावे पडत गेली. लोणी काळभोर हे नावही तसेच. नगर रस्त्यावर दुसरे लोणी आहे, लोणी कंद. काळभोर आणि कंद ही त्या त्या गावातली आडनावे. दोन लोण्यांत गल्लत होऊ नये म्हणून घराण्याचे नाव गावाला जोडले गेले.

बसमधून उतरल्यावर पहिली गाठ पडते ती वासाशी. इथे पेट्रोलियम कंपन्यांची मोठी साठवण केंद्रे आहेत. मुंबईहून जमिनीखालच्या नळातून तेल इथे येते, तोच नळ पुढे सोलापूरपर्यंत गेला आहे. इथून टँकर भरून पुण्याच्या पंपांवर जातात. आपल्या दुचाकीत आपण जे पेट्रोल भरतो त्यातले बरेचसे या टाक्यांतून आलेले असते. टँकरचे चालक आणि क्लीनर रस्त्याच्या कडेला आपल्या पाळीची वाट पाहत बसतात. त्यांच्यासाठी चहाच्या टपऱ्या, भाताच्या खानावळी, पंक्चरची दुकाने. एका पंक्चरवाल्या मुलाने अम्मींना पाहून सलाम केला. तो उत्तर प्रदेशातून आलेला. त्याला या गावातली एकच वाट ठाऊक होती, टपरीपासून खोलीपर्यंतची. दोन वर्षांत तो गावठाणात एकदाही गेला नव्हता.

महामार्ग ओलांडणे हे त्या दिवसाचे सगळ्यात अवघड काम ठरले. अम्मींचे गुडघे आणि गाड्यांचा वेग यांचा मेळ बसेना. दुभाजकापाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. आमच्यासोबत डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई होती आणि दप्तरे घेतलेली शिकवणीची दोन मुले. ती रोज असेच उभे राहतात. “हायवे टच” या शब्दाचा अर्थ आम्हाला तिथे कळला. गाडीवाल्याला ती सोय आहे, पायी जाणाऱ्याला ती भिंत आहे.

महामार्गाचा आवाज मागे पडला तसे गाव सुरू झाले. दगडी जोत्याची जुनी घरे, त्यांच्यामध्ये उभे राहिलेले चार मजली बांधकाम, पार, ग्रामदैवताचे देऊळ, पिठाची गिरणी. धाकट्याने डावीकडची बोळ निवडली म्हणून आम्ही तिच्यात शिरलो. एका ओसरीवर वयस्क आजी शेंगा निवडत बसल्या होत्या.

“कुठल्या गं पोरींनो तुम्ही? एवढ्या उन्हाच्या कुठं निघालाय?”

“हडपसरच्या, मावशी. गाव बघायला आलोय.”

“गाव बघायला?” त्या हसल्या. “गाव दिसतं ते पालखीला. एरवी निसता हायवे.”

त्यांचे म्हणणे खरे आहे. संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून निघाली की लोणी काळभोर-कदमवाकवस्तीत मुक्कामाला असते आणि तिथून यवतकडे जाते. त्या एका दिवशी हा महामार्ग पायी चालणाऱ्यांचा होतो. याच पालखीची देहूतून निघाल्यावर पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते, ही शेकडो वर्षांच्या शेजाराची खूण आहे. आजींना तेही माहीत होते. त्यांनी मुलांना पाणी दिले, अम्मींना ओसरीवर टेकायला सांगितले आणि पुढची वाट सांगितली ती अशी: “पारावरनं खाली जा, मुलाण्याच्या घरावरनं वळा.”

मुलाण्याचे घर ही गावात वाट सांगायची खूण आहे, हे ऐकून आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. पश्चिम महाराष्ट्राच्या गावगाड्यात मुलाणी हा गावकामगारांमध्ये मोजला जाई. तांबोळी, आतार, शिकलगार, पिंजारी, बागवान यांची घरेही ठिकठिकाणी होती, आहेत. शहरात आल्यावर आपण मोहल्ल्यात राहायला लागलो आणि ‘आपली वस्ती’ व ‘त्यांची वस्ती’ अशी भाषा आली. गावात आपले घर मधोमध होते, वळणावर होते. आमच्या मुलांना हे पुस्तकातून सांगून कळले नसते.

दुसरा रविवार : दोन कालवे आणि एक भाजीची जुडी

लोणीच्या पट्ट्यातून दोन कालवे जातात. नवा मुठा उजवा कालवा खडकवासला धरणाचे पाणी घेऊन हवेलीतून दौंड-इंदापूरकडे जातो. जुन्या कालव्याला इकडे सगळे ‘बेबी कालवा’ म्हणतात. त्याची गोष्ट वेगळी आहे. पुणे शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून साडेसतरा नळीजवळ या जुन्या कालव्यात सोडले जाते आणि ते या बाजूच्या शेतीला मिळते.

आम्ही बेबी कालव्याच्या कडेने चाललो. पाणी काळपट होते आणि वास येत होता. कडेच्या शेतात मात्र ऊस, पालेभाज्या आणि फुले डोलत होती. एका शेतकऱ्याने मेथीची जुडी मुलांच्या हातात दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला. त्याचा माल मांजरीच्या उपबाजारात जातो, तिथून हडपसरच्या मंडईत. ऊस पूर्वी थेऊरच्या यशवंत साखर कारखान्याला जाई. तो कारखाना वर्षानुवर्षे बंद पडल्यापासून दूर न्यावा लागतो.

घरी येऊन मेथी निवडताना मोठ्या मुलीने हिशेब मांडला. खडकवासल्याचे पाणी शहरातल्या नळाला येते. आपण त्याने वुजू करतो, कपडे धुतो, भांडी घासतो. ते मोरीतून गटारात जाते. शहरभरचे सांडपाणी गोळा होऊन, काही शुद्ध होऊन, काही तसेच, खाली वाहत येते. त्यावर ही मेथी वाढते आणि आपल्याच दस्तरखानावर येते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्या दिवसापासून आमच्या मोरीवरचा नळ जरा बारीक सोडला जातो. कुणी कुणाला सांगितले नाही.

दुपार झाली तशी जुहरची वेळ झाली. सगळी जमीन आपल्यासाठी मशीद केली आहे, हे खरे. तरी परक्या शेताच्या बांधावर नमाज पढायची तर आधी विचारायला हवे, असे अम्मींचे म्हणणे. त्यांनी विचारले. त्या शेतकऱ्याने आंब्याखालची जागा दाखवली आणि कुत्रे बांधून ठेवले.

तिसरा रविवार : बाग, रूळ आणि नदी

तिसऱ्या रविवारी स्टेशनच्या बाजूला गेलो. मुंबईची रेल्वे १८५८ मध्ये पुण्याला पोहोचली आणि १८६० पर्यंत सोलापूरला. तेव्हापासून हे रूळ लोणीवरून जातात. आज पुणे-दौंड गाडीने इथून रोज नोकरदार, विद्यार्थी आणि भाजीवाल्या ये-जा करतात. दलालाची “पाच मिनिटं” आम्ही अम्मींच्या पायांनी मोजली. त्याने दाखवलेल्या जागेपासून स्टेशन पस्तीस मिनिटांवर आहे.

रुळांपलीकडे, मुळा-मुठेच्या काठी राजबाग आहे. अभिनेते-दिग्दर्शक राज कपूर यांची ही शेती. आता इथे एमआयटी संस्थेचे विद्यापीठ आहे आणि २०१८ मध्ये उभा राहिलेला संत ज्ञानेश्वरांच्या नावाचा प्रचंड घुमट दुरून दिसतो. राज कपूर यांच्या ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ या चित्रपटांच्या लेखनात पानिपतचे ख्वाजा अहमद अब्बास यांचा मोठा वाटा होता. ‘श्री ४२०’ चा नायक पायीच मुंबईला निघालेला असतो. शहराचे लबाड आणि प्रेमळ असे दोन्ही चेहरे त्याला रस्त्यावर भेटतात.

त्याच दिवशी दुपारनंतर पुण्याकडे परतताना कवडीपाटला उतरलो. इथे नदीवर जुना बंधारा आहे. हिवाळ्यात हिमालयापलीकडून चक्रवाक बदके येतात; शेकाटे लांब लाल पायांनी उथळ पाण्यात चालतात; रंगीत करकोचे चोच पाण्यात घालून उभे असतात. आणि त्याच पाण्यावर पांढरा फेस तरंगतो, काठच्या झाडांना पुरात अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या लोंबतात. पक्षीही तुमच्यासारखेच समुदाय आहेत, असे कुरआनात सांगितले आहे. धाकट्याने विचारले, “मग त्यांच्या घरात आपण कचरा का टाकतो?” आम्ही सोबत आणलेल्या गोणीत हाताला लागल्या तेवढ्या पिशव्या भरल्या. नदी काही त्याने साफ झाली नाही. पण वाटेतला त्रास दूर करायचा तर तो कुठूनतरी सुरू करावा लागतोच.

भीतीचा नकाशा

दर रविवारी संध्याकाळी मुलांनी आठवणीने नकाशा काढला. जिथे बरे वाटले तिथे हिरवा रंग, जिथे घाई करावीशी वाटली तिथे लाल. तिन्ही नकाशे समोर ठेवले तेव्हा काही गोष्टी लख्ख दिसल्या.

महामार्ग ओलांडायची जागा सगळ्यांनी लाल केली होती. टँकरची रांग लहान मुलांनी लाल केली, अम्मींनी मात्र तिथे हिरवा ठिपका द्यायला लावला, कारण तिथे सलाम मिळाला. एका नव्या इमारतीचे फाटक आम्ही दोघी जावांनी लाल केले. तिथे सदनिका भाड्याने देण्याचा फलक होता. रखवालदाराने आधी आमचे बुरखे पाहिले, मग नाव विचारले आणि मग रूम शिल्लक नसल्याचे सांगितले. फलक तसाच लटकत होता. आणि एक कोपरा मोठ्या मुलीने लाल केला होता. तिथे कट्ट्यावर बसलेली मुले आम्ही जवळ येताच बोलायची थांबली. आम्ही वाट विचारल्यावर त्यांनी नीट दाखवली, एक जण तर वळणापर्यंत आला. तरीही तिने रंग बदलला नाही. “तोपर्यंत भीती वाटली होती ना,” असे ती म्हणाली. आम्ही आग्रह केला नाही.

ही भीती हवेतून आलेली नाही. जून २०१४ मध्ये आमच्याच हडपसरमध्ये नमाजहून घरी परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारले. तो मूळचा सोलापूरचा, पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करणारा. त्यानंतर कितीतरी दिवस इशाच्या नमाजनंतर आमच्याकडची मुले टोपी खिशात घालून घरी येत आणि काही गल्ल्यांतून जाणे टाळत. महापालिकेच्या नकाशात त्या गल्ल्या तशाच होत्या. आमच्या मनातल्या नकाशातून त्या गळून गेल्या होत्या. पॅरिसमध्ये खातिबला पोलिसांनी अडवले. आपल्याला बहुतेक वेळा कुणी अडवत नाही, आपण आधीच थांबलेले असतो.

बायकांचे तर याहून अवघड. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांविषयी २०११ मध्ये एक पुस्तक लिहिले. कामाशिवाय बाहेर दिसणारी बाई लोकांना का खुपते, हा त्याचा विषय. त्यात मुसलमान बायकांविषयीही लिहिले आहे. त्यांना बाहेरच्यांच्या संशयाला आणि आपल्याच मोहल्ल्याच्या पहाऱ्याला, दोन्हींना तोंड द्यावे लागते. लोणीत आम्हाला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, “सोबत कुणी पुरुष माणूस नाही?” तो बाहेरच्यांनीही विचारला आणि घरी परतल्यावर शेजारच्या भाभींनीही.

घर घेताना आपण चौरस फूट मोजतो, पाणी-वीज पाहतो, सातबारा पाहतो. ते पाहायलाच हवे. विशेषतः गुंठ्यावारीच्या जागेत मंजूर आराखडा पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये. २०२१ पासून लोणी काळभोरचे पोलीस ठाणे पुणे शहर आयुक्तालयात आहे, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. अशा अर्ध्या शहरात, अर्ध्या गावात कोणत्या कामाला कुठे जायचे, हेही आधी कळलेले बरे. पण त्याबरोबर आणखी एक मोजमाप हवे. घरातली म्हातारी आई एकटी मशिदीपर्यंत, दवाखान्यापर्यंत जाऊ शकेल का? मुलगी शिकवणीहून सहा वाजता चालत येऊ शकेल का? वळणावर ओळखीची ओसरी आहे का? याचे उत्तर दलालाच्या गाडीतून मिळत नाही. आम्ही अजून जागा पक्की केलेली नाही, पण कोणत्या दोन गल्ल्यांत चौकशी करायची ते आता ठाऊक आहे. त्या दोन्ही गल्ल्या गावठाणात आहेत, महामार्गाला लागून नाहीत.

आपल्याही घरी

वाचकांनी यासाठी लोणीलाच यावे असे नाही. मालेगाव, मिरज, भिवंडी, औरंगाबाद, सोलापूर, जिथे असाल तिथे सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर निघा. उन्हाच्या आत तीन-चार किलोमीटर पुरेसे आहेत. घरातल्या वयस्क माणसाला जरूर सोबत घ्या. त्यांच्या चालीने चालले की जास्त दिसते. मुलांना वळण निवडू द्या. पाण्याची बाटली, एक वही आणि एक रिकामी पिशवी बरोबर असू द्या. फोटो काढण्यापूर्वी विचारा, कुणाच्या दारात डोकावू नका, शेतात पाय टाकण्यापूर्वी परवानगी घ्या. एकटी-दुकटी, निर्जन वाट मुलांनी निवडली तरी ती सोडून द्या. धाडस दाखवायला आपण निघालेलो नाही. आपल्या मोहल्ल्यापासून सुरुवात करा आणि दर वेळी त्याच्या बाहेरची एक गल्ली जोडा. घरी येऊन नकाशा काढा. लाल रंग कुठे आला आणि का आला, यावर घरात बोला. काही ठिकाणी पुन्हा गेल्यावर तो बदलेल. काही ठिकाणी बदलणार नाही. तिथे दिवा हवा असेल, रस्ता ओलांडायला सोय हवी असेल, तर चार घरांनी मिळून ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला अर्ज द्या.

आणि एवढे जमले नाही तर निदान ही एक सुन्नत तरी जिवंत ठेवूया. येत्या ईदला ईदगाहकडे नेहमीच्या वाटेने जा आणि परतताना मुलांचा हात धरून दुसऱ्या वाटेने या. त्या वाटेवर कुणाची तरी ओसरी असेल, कुणी तरी “कुठले गं तुम्ही?” असे विचारेल. त्याला उत्तर द्या, आणि घरी शिरखुर्मा प्यायला बोलवा.